डोक्याकडून सहा इंच

आबांच्या छातीत जळजळ होते, हे घरात सगळ्यांना सहा महिने माहीत होतं. ते मिनिटासकट लिहून ठेवायला सुरुवात मात्र सुनेने केली.

सून पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि सध्या बाळंतपणाच्या रजेवर होती. जे लिहिलं नाही ते झालंच नाही, हे तिथे पहिल्या दिवशी शिकवलेलं वाक्य तिने घरीही इमानेइतबारे चालवलं होतं. बाळाने किती वाजता दूध घेतलं, ढेकर दिला का, शिंका किती आल्या आणि त्यातली कोणती शिंक संशयास्पद वाटली, हे सगळं एका लांबट वहीत होतं. बाळ पाच महिन्यांचं होतं. वही तिसरी होती.

रजा संपायला चार आठवडे उरले होते. ती दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा विचारल्यावर साहेबांनी कळवलं, की एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आता बाळाला सांभाळणार कोण, तर आबा. सासूबाईंचे दोन्ही गुडघे संपावर गेले होते आणि नवरा सकाळी सातलाच घराबाहेर पडायचा. आबा तांत्रिक शाळेत चौतीस वर्षं सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. हात अजून पक्के, आणि बाळ इतर कुणाहीपेक्षा त्यांच्याच खांद्यावर लवकर झोपायचं. घोडं अडलं होतं ते फक्त या जळजळीपाशी. आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायचं, सकाळी आवाज बसलेला असायचा, आणि पाळण्यातून बाळ उचलायला वाकले की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की बाळ रडायचं थांबून बघत राहायचं.

“एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला?” आबा म्हणाले.

“एवढीशी आहे तोवरच जाऊ या,” सून म्हणाली. “एवढी मोठी झाल्यावर एक तारीख निघून गेलेली असेल.”

डॉक्टरीणबाई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बसायच्या. गेली वीस वर्षं या घरातले खोकले, ताप आणि गुडघे त्यांच्याच हाताखालून गेले होते. त्यांनी आबांचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं आणि एकामागून एक प्रश्न विचारले. घास अडकतो का? वजन उतरलंय का? उलटीत रक्त? शौचाला काळं?

“नाही, नाही, नाही आणि मी बघत नाही,” आबा म्हणाले.

“बघत जा. आणि मला सांगा.” डॉक्टरीणबाईंनी लिहायला घेतलं. “पोटातलं आम्ल वर चढतंय. गोळी रोज एक, न्याहारीच्या अर्धा तास आधी. आधी म्हणजे आधी, सोबत नाही. रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. तळलेलं कमी, चहा कमी, पट्टा सैल. आणि पलंग डोक्याकडून सहा इंच उचला. उशा नाही रचायच्या, पोट दुमडतं त्याने. पलंगाच्या पायांखाली ठोकळे द्या. दोन-तीन आठवडे करून या.”

“आणि नोंद ठेवू ना?” सुनेने विचारलं.

“ठेवलीस तर उत्तमच.”

हे वाक्य डॉक्टरीणबाईंनी सहज म्हटलं होतं. सुनेने ते सरकारी आदेशासारखं घेतलं. घरी येईपर्यंत वहीच्या पानांची वाटणी झाली होती. डावं पान बाळाचं, उजवं आबांचं.

आबांना गोळीचं काही वाटलं नाही, पण ठोकळ्यांच्या कल्पनेने त्यांच्या अंगात बारा वर्षांपूर्वीचं वारं शिरलं. एका जुन्या दाराच्या लाकडातून त्यांनी दोन ठोकळे कापले, पाय घसरू नये म्हणून वरून खाच पाडली, कडा घासल्या, तेलही दिलं. पलंग चढवल्यावर पाणसळ ठेवून डावीकडे उजवीकडे तपासलं.

“चौतीस वर्षं पोरांना सपाट करायला शिकवलं,” ते म्हणाले, “आणि म्हातारपणी स्वतः तिरकं झोपायची वेळ आली. पण तिरकं असलं तरी वेडंवाकडं नाही. इंच मोज, सूनबाई.”

सुनेने मोजले. बरोबर सहा. तिने लिहिले.

पुढचे पाच दिवस सोन्याचे गेले. सकाळी आबा उठायचे ते खणखणीत आवाजात. उजव्या पानावर ‘जळजळ नाही’, ‘जळजळ नाही’, ‘जळजळ नाही, दोन शिट्ट्या वाजवल्या’ अशा ओळी पडू लागल्या. सासूबाई म्हणाल्या, “शिट्ट्यांचं औषध मागायला हवं होतं त्या डॉक्टरीणबाईंकडे.” पण त्याही खूश होत्या.

सहाव्या दिवशी सुनेच्या डोळ्यांना एक नवी गोष्ट दिसली. तिच्या डोळ्यांना अशा गोष्टी दिसतच असत. पलंग सहा इंच वर गेल्यामुळे आबांचं डोकं भिंतीवरच्या घड्याळाच्या सहा इंच जवळ गेलं होतं. घड्याळ लंबकाचं, जाड लाकडी पेटीतलं. ती पेटी आबांनी निवृत्तीच्या वर्षी स्वतः केलेली.

“आबा, हे घड्याळ दुसऱ्या भिंतीवर लावू या. पडलं तर?”

“बारा वर्षांत पडलं नाही ते.”

“बारा वर्षं तुमचं डोकं खाली होतं.”

“ते पाणसळीत लावलंय. हलवलं की लंबक रुसतो. घड्याळ हलणार नाही.”

“बरं, राहू द्या,” सून म्हणाली, आणि जे करायचं ते दहा मिनिटांत दुसऱ्या तऱ्हेने करून मोकळी झाली. त्या दिवशी बाळाला लस टोचून आणायची होती, त्याला ताप येणार होता, आणि काळजीच्या रांगेत घड्याळाचा नंबर बराच मागे होता. तिने तेही लिहून ठेवलं आणि विसरून गेली.

सातव्या दिवशी आबांचा आवाज बसला.

“काल काय खाल्लं?” सुनेने वही उघडत विचारलं.

“तूच वाढलंस.”

“टोमॅटो,” तिने बोट ठेवलं. टोमॅटो बंद झाले. आठव्या दिवशी जळजळ वाढली, तेव्हा कांदा बंद झाला. नवव्या दिवशी चहा, दहाव्या दिवशी संत्रं, अकराव्या दिवशी पुदिन्याच्या गोळ्या. बाराव्या दिवशी पट्टा जाऊन विजार नाडीची झाली. बंद करायला काही उरलं नाही तेव्हा सुनेने जेवणाच्या वेळेला हात घातला. तीन तास आधी सांगितलं होतं ना, मग चार तास आधी केलं तर आणखी बरं. आठचं जेवण सातवर आलं, सातचं सहावर, आणि शेवटी साडेपाचवर येऊन टेकलं. एकट्या माणसासाठी दोनदा चूल पेटवणार नाही, असं सासूबाईंनी जाहीर केल्यामुळे सगळं घर साडेपाचला जेवू लागलं.

नवरा पाचला घरी यायचा. बूट काढतोय तोच समोर ताट.

“अगं, दुपारचा डबा अजून गळ्याशी आहे माझ्या,” तो म्हणाला.

“मग तुझंही आम्ल वर चढतंय. तुझी वेगळी नोंद करू?”

तो मुकाट्याने जेवला. रोज नऊच्या सुमाराला बिस्किटांचा डबा मात्र स्वयंपाकघरात फार हळू वाजू लागला.

आणि आबा दिवसेंदिवस मिटत चालले. गोळी वेळेवर, पथ्य कडक, ठोकळे रोज सकाळी टेप लावून मोजलेले, तरी जळजळ कालच्यापेक्षा आज जास्त. सकाळी त्यांच्या घशातून नुसता रंधा चालल्यासारखा आवाज यायचा. बाळाला उचलताना ते आता भिंतीचा आधार घेऊ लागले. ते तक्रारही करेनासे झाले होते, कारण तोंड उघडलं की वही उघडायची, आणि वही उघडली की ताटातलं काहीतरी कमी व्हायचं.

“त्यांना आधी बरं वाटत होतं,” सासूबाई एकदा म्हणाल्या, “ते तू एवढं बघायला लागायच्या आधी.” त्या हसत म्हणाल्या, पण ते वाक्य सुनेला आमटीतल्या खड्यासारखं लागलं. कारण तिला स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं.

अठराव्या दिवशी सगळे दवाखान्यात गेले. सगळे म्हणजे आबा, सून, वही, आणि रजा काढून बाळाला घेतलेला नवरा. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

डॉक्टरीणबाईंनी आबांचा आवाज ऐकला आणि भुवया जवळ आणल्या. पुन्हा पोट, पुन्हा वजन, पुन्हा तेच प्रश्न.

“गोळीने फरक पडायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “वय आहे, त्रास वाढतोय. मी मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देते. घशातून बारीक नळी घालून आत बघतील. घाबरण्यासारखं काही नाही, पण बघायला हवं.”

“नळीला पुढे कॅमेरा असतो ना?” आबांनी विचारलं.

“असतो.”

“लग्नात बाहेरून काढलेला माझा फोटो नीट आला नाही. आतून काय येणार?”

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पेन उघडलं. “तिथे नंबर लागायला तीन आठवडे जातात. तोवर वाकणं नको, वजन उचलणं नको. बाळालासुद्धा नाही.”

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने बाळाकडे पाहिलं. बाळाने जांभई दिली. एक तारीख त्या खोलीतून सगळ्यांच्या देखत चालती झाली होती.

“डॉक्टर,” सून म्हणाली. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. “पहिले पाच दिवस त्यांना काहीच त्रास नव्हता. एकदाही नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे.”

पेन थांबलं. “पाच दिवस काहीच नाही? मग सहाव्या दिवशी काय झालं?”

“काहीच नाही. म्हणजे जेवण तेच, गोळी तीच.”

“वाच बघू सहावा दिवस. सगळा वाच.”

सुनेने वही उघडली. “सात वाजून पाच, गोळी. सात पस्तीस, न्याहारी. आठ दहा, चहा, अर्धा कप. साडेनऊ, बाळाला शिंक, एक, साधी. हे डाव्या पानावरचं आहे, चुकून वाचलं.”

“वाच, वाच. दोघं एकाच घरात राहतात.”

“दहा वाजता आबांनी ठोकळ्यांना पुन्हा तेल दिलं. दहा चाळीस, घड्याळ आबांच्या डोक्यावर येतं, आबा ते हलवू देत नाहीत, म्हणून...”

ती थांबली.

पुढची ओळ तिच्याच अक्षरात होती, लहान, नेटकी, तारीखवार. पान उलटायला अर्धा क्षण पुरला असता. अकरा वाजताची लस पुढच्याच पानावर होती, कुणाला काही कळलं नसतं, आणि सासूबाईंचं ते वाक्य खरं ठरायचं राहून गेलं असतं, एवढंच. पण जे लिहिलं होतं ते झालं होतं.

“म्हणून,” तिने वाचलं, “त्यांच्या उशा पलंगाच्या दुसऱ्या टोकाला घेतल्या. आजपासून डोकं तिकडे.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

“आणि ठोकळे?”

“ठोकळे होते तिथेच,” सून म्हणाली. “मी रोज मोजत होते. बरोबर सहा इंच.”

“म्हणजे बारा दिवस,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या, “आबा पाय वर आणि डोकं खाली करून झोपलेत.”

सगळे आबांकडे वळले. आबा घसा खाकरायचा प्रयत्न करत होते.

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” ते म्हणाले.

“अहो आबा, मग बोलला का नाहीत?” नवऱ्याच्या हातून बाळ निसटता निसटता राहिलं.

“वहीत लिहिलं होतं ना तिने. माझ्यासमोर लिहिलं. आमच्या कार्यशाळेत नियम होता, लेखी सूचनेवर तोंडी वाद घालायचा नाही. मला वाटलं, हा उपचाराचा दुसरा टप्पा असेल. आधी इकडून उचलायचं, मग तिकडून, म्हणजे माणूस दोन्ही बाजूंनी सारखा होतो. रंधा मारताना आम्ही तसंच करतो.” मग जरा विचार करून ते म्हणाले, “पायांना मात्र फार हलकं वाटायचं.”

“आणि मी,” नवरा म्हणाला, “कसलाही गुन्हा नसताना साडेपाचला जेवतोय.”

सून मान खाली घालून बसली होती. “चूक माझी आहे, डॉक्टर. टोमॅटोची नाही, चहाची नाही. माझी. मी एवढं बघत होते, आणि तेवढंच पाहिलं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला आणि वही मागून घेतली. उजवी पानं पुढे उलटली, मग मागे उलटली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

“वीस वर्षं मी लोकांना पलंग उचला म्हणून सांगतेय,” त्या म्हणाल्या. “निम्मे उचलतच नाहीत. बाकीचे उचलतात, पण त्यांना बरं वाटलं ते पलंगाने की गोळीने, हे मला कधीच कळत नाही. तू पाच दिवस सुलटं केलंस, बारा दिवस उलटं केलंस, आणि रोज लिहिलंस. या एका माणसापुरतं तरी मला स्वच्छ दिसतंय. न लिहिणारी असतीस तर तीच चूक केली असतीस, फक्त सापडली नसती.”

त्यांनी अर्धी लिहिलेली चिठ्ठी खणात ठेवली. “ही फाडत नाही अजून. दहा दिवस डोकं वरच्या बाजूला, मग या. टोमॅटो, कांदा एकेक करून परत आणा. चहा सकाळी एक. आणि जेवण तीन तास आधी म्हणजे तीनच तास, त्या बिचाऱ्यावर दया करा.” नवऱ्याने बाळाला कपाळाशी धरून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगायचं काम सुनेने स्वतःच केलं. त्या पाच मिनिटं पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, “मी बोलले ते मागे घेत नाही. पण तू बघत राहा बाई. आम्ही तिघं बघत नव्हतो, तर त्याचाही काही उपयोग झाला नाही.”

उशा मूळ जागी गेल्या. घड्याळाखाली आबांनी दोन लोखंडी कोन ठोकले, आणि सुनेने दोन्ही हातांनी लोंबकळून ते तपासले. लंबक रुसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा आवाज थोडा खरखरीत होता, चौथ्या दिवशी खणखणीत. सातव्या दिवशी उजव्या पानावर पुन्हा शिट्टीची नोंद झाली. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खणातून चिठ्ठी काढली, फाडली आणि तुकडे आबांच्या हातात दिले. गोळी आणखी काही आठवडे चालू ठेवायला सांगितली. आबा दवाखान्यातून बाहेर पडले ते बाळाला खांद्यावर घेऊन, आणि सबंध रस्ताभर त्यांनी ते कुणाच्या हाती दिलं नाही.

एक तारखेला सून कामावर हजर झाली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. ती दहा मिनिटं आधी आली होती. संध्याकाळी ती धावतच जिना चढली. बाळ सतरंजीवर पालथं पडून स्वतःची मूठ चाखत होतं. आबा खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांच्या मांडीवर वही होती.

“घे, तपास,” ते म्हणाले.

डावं पान स्वच्छ भरलेलं होतं. दूध, झोप, ढेकर, शिंका शून्य. सुनेचा जीव भांड्यात पडला. मग तिने उजवं पान पाहिलं. तिथे आबांच्या जळजळीचं काही नव्हतं.

‘९.१०, सूनबाईचा फोन. बाळ बरं आहे सांगितलं. ९.४०, फोन. बाळ अजून बरं आहे सांगितलं. १०.०५, फोन. फोनने बाळ उठलं. ११.३०, फोन. १.३०, फोन. जेवलीस का विचारलं, नंतर म्हणाली. २.१५, फोन. अजून जेवली नाही. ३.००, फोन. नुसता चहा, तिसरा. छातीत जळजळतंय म्हणाली. ३.१०, लाकूड कापायला घेतलं.’

“आबा,” सून म्हणाली, “हे काय?”

“लेखी आहे,” आबा म्हणाले. “वाद घालायचा नाही.”

ती आतल्या खोलीत गेली. तिचा पलंग भिंतीकडच्या बाजूने वर गेला होता, खाली दोन कोरे ठोकळे, कडा घासलेल्या, तेलाचा वास अजून ताजा. उशा होत्या त्या जागी होत्या. तरी ती वाकून बघू लागली, कारण आता नुसत्या डोळ्यांवर तिचा विश्वास राहिला नव्हता. वरच्या टोकाच्या फळीवर सुतारी पेन्सिलीने एक बाण काढलेला होता, आणि बाणाखाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: डोकं.

खात्रीसाठी ती दुसऱ्या टोकाला गेली. तिथे लिहिलं होतं: पाय.